पन्नास वर्षांनी परतलेला शेवट

(पारनेर येथील जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, तुमच्यापैकी 'शोले' किती जणांनी पाहिलाय हे विचारण्यात काही अर्थ नाही. सगळ्यांनीच पाहिलाय. पण एक साधा प्रश्न विचारतो. शेवटी गब्बरचं काय होतं?

(श्रोत्यांतून उत्तरं येतात.)

बघा, इथे आत्ता दोन आवाज आले. मागच्या बाजूनं कुणी म्हणालं, पोलीस धरून नेतात. आणि पुढून एक जण म्हणाले, ठाकूर त्याला मारतो. दोघांचंही बरोबर आहे. आजचा सगळा विषय या दोन उत्तरांच्या मधला आहे. एकाच सिनेमाला दोन शेवट कसे आले, त्यातला कुणी लिहिला, कुणी लादला, आणि मुख्य म्हणजे त्यातला चांगला कोणता. 'दिग्दर्शकाची आवृत्ती' हा शब्द आपण हल्ली ऐकतो, आणि तो ऐकला की वाटतं ही हॉलिवूडवाल्यांची भानगड असणार. आपल्याकडे ती त्याच्या कितीतरी आधीपासून आहे, फक्त आपण तिला हे नाव दिलं नव्हतं.

आधी तारखा बघू. २५ जून १९७५ ला देशात आणीबाणी जाहीर झाली. 'शोले' प्रदर्शित झाला १५ ऑगस्ट १९७५ ला. मध्ये जेमतेम पन्नास दिवस. सिनेमा पूर्ण झालेला, सत्तर एमएमच्या प्रतींची तयारी चाललेली, आणि सेन्सॉरनं शेवटावर बोट ठेवलं. आक्षेप असा, की ठाकूर बलदेवसिंग हा माजी पोलीस अधिकारी आहे, आणि तोच कायदा हातात घेऊन गुन्हेगाराला ठार मारतो. हे चालणार नाही. पोलीस आले पाहिजेत, गब्बर कायद्याच्या ताब्यात गेला पाहिजे.

रमेश सिप्पींना हे पटलं नव्हतं. पण एवढा मोठा पैसा लागलेला, तारीख ठरलेली. संजीव कुमार परदेशात होते, त्यांना बोलावून घेतलं, आणि शेवट पुन्हा चित्रित झाला. आपण टॉकीजमध्ये, तंबूत, दूरदर्शनवर पाहिला तो हा शेवट. ठाकूर गब्बरला तुडवतोय, आता संपवणार, एवढ्यात पोलीस हजर. अख्ख्या सिनेमात गावावर धाडी पडताहेत, इमामसाहेबांचा पोरगा मारला जातो, जय मरतो, तेव्हा पोलीस नाहीत. आणि नेमके त्या मिनिटाला आले.

(हशा)

हसण्यासारखंच आहे, पण जरा थांबा. ज्या सरकारच्या सेन्सॉरनं पडद्यावर सांगितलं, की कुणालाही कोर्टाशिवाय शिक्षा देता येणार नाही, त्याच सरकारनं पडद्याबाहेर मिसाखाली हजारो माणसं खटल्याशिवाय आत टाकली होती. पुढे २८ एप्रिल १९७६ ला जबलपूर खटल्यात सर्वोच्च न्यायालयानंही म्हटलं, की आणीबाणीत त्या माणसांना अटकेविरुद्ध दाद मागता येणार नाही. म्हणजे त्या काळात कोर्टात रीतसर उभा राहण्याचा हक्क गब्बरसिंगला मिळाला, आणि विरोधी पक्षाच्या कार्यकर्त्याला नाही मिळाला. मी हे टाळ्यांसाठी बोलत नाही. सिनेमाचा शेवट का बदलला याचं कारण सिनेमात नाही, ते त्या उन्हाळ्याच्या राजकारणात आहे, एवढंच लक्षात आणून देतोय. आणि एका अर्थानं 'शोले' नशीबवान. अमृत नहाटांचा 'किस्सा कुर्सी का' त्याच काळात निगेटिव्हसकट नष्ट केला गेला. नहाटांना तो सिनेमा नंतर पहिल्यापासून पुन्हा बनवावा लागला.

आता मूळ शेवट काय होता ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

मूळ सिनेमात एक छोटा प्रसंग आहे: ठाकूरचा नोकर रामलाल त्याच्या बुटांना खाली खिळे ठोकतोय. बस, एवढंच. ठाकूरला हात नाहीत, हे तोपर्यंत आपल्याला कळलेलं असतं. त्या बुटांकडे पाहिलं की पोटात गोळा येतो, कारण हा माणूस कशाची तयारी करतोय ते समजतं. हा प्रसंग टॉकीजच्या प्रतीत नव्हता. मग शेवटी वीरू गब्बरला ठाकूरच्या हवाली करतो, कारण तसा शब्द दिलेला असतो. ठाकूर त्याला तुडवतो. आणि ज्या खांबांना बांधून त्याचे हात तोडले होते, तिथल्याच खिळ्यावर गब्बर जाऊन आदळतो आणि मरतो. पोलीस येत नाहीत. कुणीच येत नाही. आणि त्यानंतर ठाकूर रडायला लागतो.

मला विचाराल तर सगळा सिनेमा या रडण्यात आहे. पोलीसवाल्या शेवटात ठाकूर जिंकतो. त्याच्या तोंडावर राग असतो, समाधान असतं, आणि कायद्यानं हात धरला म्हणून सज्जनपणाही शिल्लक राहतो. सगळंच मिळालं! मूळ शेवटात त्याला सूड मिळतो आणि बाकी काही मिळत नाही. पोरं परत येत नाहीत, सून येत नाही, नातू येत नाही, हात येत नाहीत. ज्या एका गोष्टीसाठी तो जगत होता ती संपली, आणि आता करायचं काय, हे त्या माणसाला कळत नाही. वीरू त्याला सावरतो.

म्हणजे गंमत बघा. हिंसेचं समर्थन नको म्हणून सेन्सॉरनं तो शेवट कापला. पण हिंसा करणाऱ्या माणसाचं पुढे काय होतं, हे दाखवणारी मिनिटं नेमकी त्यातच होती. कापून जे उरलं त्यात तुडवणं राहिलं आणि पश्चात्ताप गेला. म्हणून मी ठामपणे म्हणतो, की मूळ शेवट चांगला आहे. जास्त रक्त आहे म्हणून नव्हे. त्यात हिशोब पुरा केलाय म्हणून.

इथे, पारनेरात उभं राहून, एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. १२ नोव्हेंबर १८८० ला याच गावात पांडुरंग महादेव बापट जन्मले. पॅरिसमध्ये बॉम्बची विद्या शिकून आलेला माणूस, पुढे मुळशीच्या शेतकऱ्यांचा सेनापती झाला. मुळशीच्या शेवटच्या टप्प्यात त्यांनी हत्यार घेऊन रेल्वे अडवली, आणि त्याची शिक्षा उघडपणे भोगली. पळाले नाहीत, नाकारलं नाही. कायदा मोडायचा आणि त्याची किंमतही आपणच मोजायची, असा एक तिसरा शेवट असू शकतो, हे या गावाला वेगळं सांगायला नको. ठाकूर तो शेवट निवडत नाही. पण निदान सिप्पींच्या शेवटात किंमत दिसते तरी. असो, विषयांतर झालं.

आता मूळ शेवट पाहिला कुणी? १९९०च्या सुमारास व्हिडिओ कॅसेटवर जी प्रत फिरू लागली, तिच्यात तो होता. म्हणजे मघाशी 'ठाकूर मारतो' म्हणणाऱ्यांनी बहुतेक भाड्याच्या व्हीसीआरवर, रात्रभर तीन सिनेमे लावून पाहिलेला असणार. पुसट, हिरवट, आवाज फाटलेला. दिग्दर्शकाच्या मनातला सिनेमा लोकांपर्यंत पोचला तो असा, मागच्या दारानं, सगळ्यात वाईट अवस्थेत.

नीट अवस्थेत यायला २०२५ उजाडलं. फिल्म हेरिटेज फाउंडेशन ही शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांची मुंबईतली संस्था. तिनं सिप्पी फिल्म्सबरोबर जवळजवळ तीन वर्षं यावर काम केलं. मूळ कॅमेरा निगेटिव्ह फार खराब झालेली होती. सत्तर एमएमची एकही प्रत शिल्लक नव्हती. ज्या सिनेमासाठी मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षं माणसं रांगा लावत होती, त्याची मोठ्या पडद्याची एकही प्रत देशात नाही! मग निगेटिव्हवरून काढलेल्या मधल्या प्रती शोधल्या, काही मुंबईत, काही लंडनला एका गोदामात. त्या जुळवून, मूळ शेवट आणि वगळलेले दोन प्रसंग परत घालून, २७ जून २०२५ ला इटलीत बोलोन्याच्या भर चौकात, उघड्यावर, २०४ मिनिटांचा 'शोले' दाखवला गेला. उघड्यावर पडदा, समोर खुर्च्या. आपल्या जत्रेतल्या सिनेमासारखंच की! त्यानंतर डिसेंबरात तो आपल्याकडच्या पडद्यांवर आला.

आता मी जरा उलट बाजू घेतो, कारण 'दिग्दर्शकाचं ते सगळं सोनं' असं मला मुळीच म्हणायचं नाही.

इमामसाहेबांचा मुलगा अहमद, म्हणजे आपले सचिन पिळगावकर, तेव्हा अगदी कोवळं पोर. गब्बर त्याला मारतो तो प्रसंग चित्रित झाला होता. टॉकीजच्या प्रतीत तो दिसत नाही. तिथे काय दिसतं? गब्बरच्या हातावर मुंगी चढतेय, तो ती चिरडतो, आणि पुढच्या दृश्यात घोड्यावरून प्रेत गावात येतं. मला सांगा, यात काय कमी आहे? पोराला मारताना दाखवलं असतं तर आपण डोळे मिटले असते. मुंगीच्या वेळी डोळे उघडे राहतात आणि काळीज हलतं. कात्री नेहमी शत्रू नसते, ती अशी.

आणि ही कात्री कुणाच्या हातात होती? माधव शिंदे. एम. एस. शिंदे म्हणून नामावलीत नाव येतं. चित्रित झालेली फिल्म सुमारे तीन लाख फूट होती असं सांगतात. पस्तीस एमएमची फिल्म मिनिटाला नव्वद फूट धावते. गणित करा, पंचावन्न तासांहून जास्त! बसून नुसतं पाहायचं म्हटलं तरी दोन दिवस आणि दोन रात्री पुरायच्या नाहीत. त्यातून शिंद्यांनी तीन-सव्वातीन तासांचा सिनेमा काढला. फिल्मफेअरनं 'शोले'ला त्या वर्षी एकच पुरस्कार दिला, तो संकलनाचा, शिंद्यांना. छायाचित्रण द्वारका दिवेचांचं. कालिया म्हणजे विजू खोटे. पडद्यावर हिंदी बोलणाऱ्या त्या रामगढमागे आपली बरीच माणसं होती. शिंदे २०१२ साली वारले, आणि त्यांची शेवटची वर्षं मुंबईत एका लहानशा भाड्याच्या खोलीत गेली. 'दिग्दर्शकाची आवृत्ती' असं आपण म्हणतो तेव्हा माझ्या मनात नेहमी येतं, की टेबलावर बसून पंचावन्न तासांचे तुकडे जुळवणाऱ्या माणसाची आवृत्ती कोणती? तिला नाव नाही.

बाहेरच्या देशांतही हाच घोळ. 'ब्लेड रनर' १९८२ ला आला तेव्हा निर्मात्यांनी त्यावर निवेदन चढवलं आणि गोड शेवट जोडला. तोही कुब्रिकच्या 'द शायनिंग'मधली उरलेली डोंगरांची दृश्यं मागून आणून. १९९२ आणि मग २००७ ला ते काढून टाकलं आणि सिनेमा उजळला. हे सरळ उदाहरण. पण कपोलांचा 'अपोकॅलिप्स नाऊ' घ्या. १९७९ चा मूळ, २००१ ला बराच लांबवलेला, आणि २०१९ ला पुन्हा छोटा केलेला. म्हणजे दिग्दर्शकालाच कळलं, की दुसऱ्यांदा जरा जास्तच वाढलं होतं. आपल्याकडे राज कपूरनं 'मेरा नाम जोकर' चार तासांचा, दोन मध्यंतरांचा केला. लोकांनी नाकारला, मग त्यालाच तो कापावा लागला. यातलं कुठलं मूळ आणि कुठलं कापलेलं, यावर दोन जाणकार एकत्र बसले तर चहा गार होतो.

पण मला आज तुम्हाला मागे न्यायचंय, कारण मराठी सिनेमाचा जन्मच कात्रीखाली झालाय.

१९१८ ला सिनेमाचा कायदा आला आणि १९२० ला मुंबईत सेन्सॉर मंडळ बसलं. त्याच वर्षी कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचा 'सैरंध्री' आला. भीम कीचकाला मारतो तो प्रसंग त्यांनी असा काही हुबेहूब घेतला, की बघणारे किंचाळले. तो प्रसंग कापावा लागला. आता कीचक म्हटलं की महाराष्ट्राला काय आठवायचं? खाडिलकरांचं 'कीचकवध'. नाटक १९०७ चं, १९१० ला सरकारनं त्यावर बंदी घातली, कारण कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन हे पिटातल्या माणसालाही कळत होतं. मग दहाच वर्षांनी तोच कीचक पडद्यावर मरत असताना साहेबाला नुसतं रक्तच दिसलं असेल का? पुरावा दाखवता येणार नाही, पण मला नाही तसं वाटत.

१९३० ला प्रभातनं शिवाजी महाराजांवर मूकपट केला. महाराज झाले होते स्वतः शांताराम. नाव ठेवलं होतं 'स्वराज्य तोरण'. 'स्वराज्य' हा शब्द १९३० साली, मिठाच्या सत्याग्रहाच्या वर्षी! नाव बदललं गेलं, सिनेमा 'उदयकाल' म्हणून आला. पाच वर्षांनी, प्रभात पुण्याला आल्यावर, शांतारामबापूंनी एकनाथांवर चित्रपट केला. एकनाथांच्या भूमिकेत बालगंधर्व. नाव 'महात्मा'. आता एकनाथांना महात्मा म्हणायला कुणाची हरकत असायला हवी? पण १९३५ मध्ये महात्मा म्हटलं की एकच माणूस डोळ्यांपुढे यायचा, आणि सिनेमात एकनाथ अस्पृश्यांच्या घरी जेवायला जातात. सेन्सॉर बरोबर ओळखून होतं. 'महात्मा'चा 'धर्मात्मा' झाला. पैठणच्या नाथांना ब्रिटिश सरकारनं पदवी बदलून दिली!

(हशा)

नाव बदललं तर सिनेमा बदलतो का, असं कुणी म्हणेल. बदलतो. 'धर्मात्मा' म्हटलं की तो संतपट होतो, जुन्या काळची गोष्ट होते, हात जोडून बघायची. 'महात्मा' म्हटलं असतं तर ती कालच्या पेपरातली गोष्ट झाली असती. शांतारामबापूंच्या मनातला सिनेमा दुसरा होता, आणि तो लोकांनी कधी पाहिलाच नाही.

आणि आता सगळ्यात जवळची कात्री. दिग्दर्शकाची झाली, निर्मात्याची झाली, सरकारची झाली. एक राहिली, तंबूवाल्याची. आपल्या जत्रांमधून, कोरठण खंडोबा म्हणा, निघोजची मळगंगा म्हणा, ज्या पिढीनं कनातीतला सिनेमा पाहिला, तिला हे चांगलं माहीत आहे. प्रत शहरातून फिरून, घासून, सगळ्यात शेवटी तंबूत यायची. हजार फुटांचं एक रीळ, अकरा मिनिटांचं. कडेची भोकं फाटली की फिल्म अडकायची, तुटायची. ऑपरेटर तुटलेला तुकडा काढून टाकायचा आणि दोन टोकं जोडायचा. दर जोडाला थोडा सिनेमा कमी. शंभर गावं फिरलेली प्रत मूळच्या मानानं किती बारीक झाली असेल, विचार करा. बाहेर पुढच्या खेळाची गर्दी वाढली की एखादं गाणं खुशाल गाळलं जायचं. आणि जे लोकांना फार आवडायचं, तेच दृश्य कुणीतरी आठवण म्हणून, नाहीतर विकायला, कापून ठेवायचं. म्हणजे दोन गावांनी एकच सिनेमा पाहिला असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातल्या या तंबूंमागे वर्षानुवर्षं हिंडून 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट केला, २०१६ ला तो कान महोत्सवात गाजला. ज्यांना आठवणी ताज्या करायच्यात त्यांनी तो जरूर पाहावा.

तंबूत गाळलेलं लोक भरून कसं काढायचे? 'शोले'च्या बाबतीत पॉलिडॉरनं संवादांची तबकडी काढली होती. लग्नाच्या मांडवात, पिठाच्या गिरणीवर, जत्रेत कर्ण्यावर ती वाजायची. सिनेमात गाळलेलं वाक्य लोकांना तबकडीवरून पाठ असायचं. पडद्यावर तुटलं की बघणारेच ते म्हणायचे. ही जी आवृत्ती आहे ना, अर्धी पडद्यावर आणि अर्धी लोकांच्या तोंडात, ती कुठल्याच संग्रहालयात जपता येणार नाही.

वेळ होत आलीय. एक चिठ्ठी आलीय ती घेतो. विचारलंय, 'असा कापलेला जुना मराठी सिनेमा अजून कुठे सापडू शकेल का?' चांगला प्रश्न आहे. आशा ठेवायला जागा आहे. फ्रिट्झ लांगचा 'मेट्रोपोलिस' १९२७ चा. त्याचा कापलेला भाग कायमचा गेला असं सगळे धरून चालले होते. २००८ ला तो सापडला कुठे, तर अर्जेंटिनात, ब्युनॉस आयर्सच्या एका संग्रहालयात, छोट्या सोळा एमएमच्या प्रतीत, ओरखड्यांनी भरलेला. उलट ऑर्सन वेल्सच्या 'द मॅग्निफिसंट अँबरसन्स'मधली चाळीसच्या वर मिनिटं १९४२ ला कापली आणि नष्ट केली, ती आजतागायत मिळाली नाहीत. आपल्याकडे २००३ च्या जानेवारीत पुण्यात जुन्या नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली, त्यात फार मोठा ठेवा गेला. तेव्हा आता जे काही असेल ते खासगी माळ्यांवर असेल. कुठल्या जुन्या टॉकीजवाल्याच्या, तंबूवाल्याच्या, वितरकाच्या घरी.

म्हणून एवढंच सांगतो. कुणाच्या वाड्यात, गोदामात, गंजलेले गोल पत्र्याचे डबे असतील तर भंगारवाल्याला देऊ नका. चांदीसाठी फिल्म विकत घेणारे अजूनही फिरतात. डब्याला आंबूस, शिरक्यासारखा वास येत असेल तर फिल्म नासायला लागलीय, पण संपली असं नाही. रीळ चिकटलं असेल तर हातानं उलगडायला जाऊ नका, उन्हात तर ठेवूच नका. १९५०च्या आसपासची किंवा त्याआधीची असेल तर ती भडकन पेट घेते, तेव्हा जवळ बिडी-काडी नको आणि डबा माणसं राहतात त्या घरात नको. झाकणावर काही लिहिलेलं असेल तर त्याचा मोबाइलवर फोटो काढा, आणि पुण्याच्या राष्ट्रीय फिल्म संग्रहालयाला कळवा. लेबल नसलं तरी कळवा. 'शोले'च्या डब्यांवरही नव्हती.